आठ वाजता, न चुकता

४ फेब्रुवारी
नवी वही. पहिलं पान. अक्षर शेवटच्या पानापर्यंत असंच ठेवायचं. संकल्प क्रमांक एक.

आज बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजव्याचं प्रेशर सव्वीस, डाव्याचं एकतीस. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून दाखवलं, नजर कडेकडेने कशी कुरतडली जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. डाव्या डोळ्याच्या बऱ्याच कडा गेल्यात. गेलं ते परत येत नाही. आहे ते राखायचं, आणि राखायचा मार्ग एकच : थेंब, रोज, वेळेवर.

बाबांनी एवढंच विचारलं, वस्तरा धरता येईल ना? (बाबांचं केशकर्तनालय आहे. दोन खुर्च्या. एक बाबांची, एक त्यांच्या भागीदाराची, ज्यांना मी काका म्हणते.) बाई म्हणाल्या, थेंब घातलेत तर येईल.

पांढऱ्या टोपणाची बाटली : दोन्ही डोळे, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. हिरव्या टोपणाची : फक्त डावा डोळा, संध्याकाळीच, पांढऱ्यानंतर दहा मिनिटांनी. बाई म्हणाल्या की हिरव्या औषधाने त्या डोळ्याच्या पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, घाबरू नका. बाबा म्हणाले, डोक्यावर चालत असेल तर दोन बाटल्या जास्त द्या. बाई हसल्या. कंपाउंडरसुद्धा हसला. मी हसले नाही. अशा ठिकाणी कोणीतरी गंभीर असायला हवं.

घरी येऊन आईला सगळं नीट समजावलं. ती म्हणाली, त्यात काय, संध्याकाळी दोन गल्ल्या चालत दुकानात जाईन नि घालून येईन. आई शाळेत शिपाई आहे. बावीस वर्षं घंटा देते. तिच्याकडे शिस्त आहे, सिस्टिम नाही. दोन्हींत फरक असतो, पण तो तिला आज सांगितला नाही. दिवस आधीच जड होता.

संकल्प क्रमांक दोन : मी स्वतः रोज दोन्ही वेळा दुकानात जाऊन बाबांना थेंब घालणार. या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बाकी कोणी करायचं?

५ फेब्रुवारी
सकाळी आठला बस डेपोत माझी हजेरी असते, हे काल लक्षात आलं नव्हतं. त्यामुळे सकाळ वगळून. संध्याकाळी नक्की.

संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा क्लास होता. उद्यापासून नक्की.

७ फेब्रुवारी
बाबांनी काल संध्याकाळचे थेंब आठ चाळीसला घातले. परवा नऊ पाचला. आज सकाळी विसरलेच. विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना घड्याळ कोण बघतं? गिऱ्हाइकाने बघावं का?

विनोद करण्याची ही वेळ नाही, असं त्यांना सांगितलं.

विचार करता लक्षात आलं, प्रश्न व्यक्तीचा नाही, वेळापत्रकाचा आहे. आणि वेळापत्रक हा तर माझा विषय. डेपोत मी वेळापत्रक विभागातच सहायक आहे. एकशे बारा बसगाड्यांच्या वेळा मी सांभाळते, तर तीन थेंबांच्या सांभाळू शकणार नाही?

हेडक्लार्कना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, बाई, कागदावर आपल्या सगळ्या गाड्या वेळेवरच सुटतात. मोठ्या माणसांचा उत्साह असा का मावळतो, यावर कधीतरी लेख लिहायचा.

९ फेब्रुवारी
तक्ता पूर्ण! सलग दोन दिवस बसून केला. (क्लास बुडाला. पण हेही जनसेवेचंच काम.)

बाबांना वाचायला त्रास होतो, म्हणून शब्द कमीत कमी. चित्रं भरपूर. वर शीर्षक : ‘आठ वाजता, न चुकता’. खाली दोन घड्याळं, सकाळ-संध्याकाळ. मधोमध एक मोठा चेहरा. पांढऱ्या थेंबाच्या वेळी दोन्ही डोळे. हिरव्या थेंबाच्या वेळी एकच डोळा हिरवा रंगवलेला. बाजूला टिक करायला रकाने. शेवटी माझं नाव, आणि नावापुढे बी. ए. (भूगोल), प्रथम श्रेणी. यात बढाई नाही. वाचणाऱ्याचा विश्वास बसायला हवा.

चेहरा शास्त्रीय पद्धतीने काढला. समोर उभ्या माणसाचा चेहरा पुस्तकात जसा असतो तसा, म्हणजे त्याचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. हे कुणालाही कळेल. तरी ‘डावा’ असं लिहावं का, असं एकदा मनात आलं, पण मग चित्राचं सौंदर्य बिघडलं असतं. भूगोल शिकलेल्या माणसाला दिशांची जाण असतेच.

आईने तक्ता पाहिला. म्हणाली, छान आहे गं, पण हा माणूस हसतोय का? म्हटलं, आशावादी आहे तो.

१० फेब्रुवारी
सकाळी सातलाच दुकानात गेले आणि तक्ता मोठ्या आरशाशेजारी लावला, माझ्या डिग्रीच्या फ्रेमखाली. (फ्रेम बाबांनीच लावलीय. मूळ प्रत घरी कपाटात आहे, ही रंगीत झेरॉक्स. गिऱ्हाइकाची मान मागे टेकली की त्याला आधी छत दिसतं, मग माझी डिग्री.)

बाबांनी तक्त्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आरशात स्वतःकडे. मग परत तक्त्याकडे. विचारलं, हिरवा म्हणजे हाच ना? आणि स्वतःच्या डोळ्याजवळ बोट नेलं. मी त्या क्षणी वरचा कोपरा चिकटपट्टीने दाबत होते, त्यामुळे बोट पाहिलं नाही. म्हटलं, चित्रात जो हिरवा तोच. ते म्हणाले, नाही, बाई दवाखान्यात दुसरा म्हणाल्यासारखं वाटतंय. म्हटलं, बाबा, ऐकलेलं माणूस विसरतो म्हणून तर चित्र काढलं. आता ऐकीव गोष्टी डोक्यातून काढून टाका. चित्र बघायचं आणि तसं करायचं. शंका काढायच्या नाहीत.

ते म्हणाले, बरं. तू म्हणतेस तर तसं.

हा विश्वास मोठी गोष्ट आहे. डेपोत बसताना डोळे भरून आले.

१३ फेब्रुवारी
दुकानात अलार्म लावला. आठ वाजले की घणघणतो. संध्याकाळी आठ दहाला पुन्हा. पहिल्या दिवशी काकांच्या हातून कंगवा पडला. आता सवय झालीय म्हणे. अलार्म वाजला की बाकावरची माणसं ओरडतात, उठा, डोळे वाजले!

एक छोटी अडचण : आठ ते आठ दहा या दहा मिनिटांत बाबा वस्तरा हातात घेत नाहीत. दोन्ही अलार्मच्या मधे अर्ध्या गालावर फेस असलेलं गिऱ्हाईक तसंच बसून राहतं. काकांनी तक्रार केली की फेस वाळतो. त्यांना सांगितलं, फेस परत लावता येतो, नजर परत लावता येत नाही. काका म्हणाले, मॅडम, हे वाक्य भिंतीवर लिहा. ते मला मॅडम म्हणतात. आदर वाढतोय.

२० फेब्रुवारी
पहिला साप्ताहिक आढावा. टिका शंभर टक्के. उशीर सरासरी दीड मिनिट. आमच्या डेपोचा सरासरी उशीर एकोणीस मिनिटं आहे.

संध्याकाळचा क्लास मी सोडला. तिथे घड्याळाला किंमत नाही. रिकाम्या झालेल्या वेळात आता तक्त्याचा अहवाल लिहायला घेतलाय, त्यामुळे दुकानात जायला जमत नाही. जायची गरजही नाही. सिस्टिम चांगली असली की माणूस लागत नाही, हेच तर सिद्ध करायचंय.

आई म्हणाली, मी एकदा जाऊन बघून येऊ का, कसे घालतो ते? म्हटलं, तू गेलीस तर ते तुझ्यावर विसंबतील. आई म्हणाली, नवरा आहे माझा, विसंबला तर बिघडलं काय? तिला मुद्दा कळला नाही.

५ मार्च
बाबांनी दुकानातला टॉवेलचा स्टँड आज तिसऱ्यांदा पाडला. डाव्या बाजूला असतो तो. काका म्हणाले, दिसत नाही वाटतं दादाला तिकडचं.

लगेच जाऊन पाहणी केली. निष्कर्ष : स्टँडची जागा चुकीची आहे. येण्याजाण्याच्या वाटेत. उजवीकडे हलवला. काम झालं. दुकानांची आखणी कुणी विचारपूर्वक करतच नाही.

१४ मार्च
चहाचा पेला डाव्या हाताच्या फळीवरून दोनदा सांडला. फळी अरुंद आहे. पेला उजवीकडे ठेवण्याची सूचना दिली. अमलात आली.

हल्ली सगळं उजवीकडे ठेवल्यामुळे दुकान एका बाजूला कललेल्या होडीसारखं दिसतं, असं काका म्हणतात.

२८ मार्च
आनंदाची बातमी! काका आज वाटेत भेटले. म्हणाले, मॅडम, तुमच्या बाबांच्या उजव्या डोळ्याकडे बघितलंत का? पापण्या केवढ्या वाढल्यात! नवरीला शोभतील. डावा आहे तसाच. आमचा धंदाच केसांचा, एक केस वाढला तरी कळतो. म्हणत असाल तर कात्री लावून सारख्या करू?

कात्री अजिबात लावू नका, असं बजावलं. पापण्या वाढणं म्हणजे औषध लागू पडतंय याचा पुरावा. बाईंनीच सांगितलं होतं.

फक्त त्या उजव्या कशा वाढल्या, याचा थोडा विचार केला. डाव्या डोळ्यात घातलेलं औषध रक्तातून उजव्यात पोचलं असणार. म्हणजे एका थेंबात दोन डोळे. हे बाईंच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. अहवालात स्वतंत्र परिच्छेद : ‘एक अनपेक्षित लाभ’.

१० एप्रिल
बाबांच्या डाव्या कपाळाला टेंगूळ. दुकानाच्या दाराला थडकले. त्याच दारातून तीस वर्षं येताहेत.

मोजमाप घेतलं. डावी चौकट भिंतीच्या दीड बोट पुढे आलेली आहे. दुकानमालकाला पत्र लिहिलं. आई म्हणाली, तीस वर्षांत चौकट पुढे आली का गं? म्हटलं, लाकूड फुगतं. आई टेंगळावर बर्फ धरून बसली. मग मला विचारलं, तू थेंब जाताना पाहिलेस का एकदा तरी? म्हटलं, टिका पाहते ना रोज, बाबा फोटो पाठवतात. ती म्हणाली, मी घंटा देते तेव्हा मुलं वर्गात गेली की नाही तेही बघते हो.

प्रत्येक गोष्ट घंटेशी नेऊन जोडायची तिला सवय आहे.

२३ एप्रिल
वाईट दिवस. बाबांच्या हातून रिटायर्ड हेडमास्तरांचा कान कापला. फार नाही, कडेला. ते वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. तुरटी लावली, रक्त थांबलं. हेडमास्तर मोठ्या मनाने म्हणाले, असू दे, या कानाने तसंही कमी ऐकू येतं. पण उठताना म्हणाले, पुढच्या वेळी काकांच्या खुर्चीवर बसेन, तुला आराम मिळेल.

त्यानंतर आणखी दोघं काकांच्या खुर्चीसाठी थांबून राहिले. बाबांची खुर्ची रिकामी होती. काकांनीच फोन करून सांगितलं. मॅडम म्हणाले नाहीत. पोरी म्हणाले.

घरी बाबांनी ताटातला भात नुसताच चिवडला. मी त्यांना समजावलं की उपचाराला वेळ लागतो, आणि आपला वेळ पाळण्याचा रेकॉर्ड अठ्ठ्याण्णव टक्के आहे. ते म्हणाले, हो गं, एकही थेंब चुकवला नाही मी. तू सांगितलंस तस्साच घालतो. मग हात धुऊन बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसले.

उपाय : आठची वेळ सात अठ्ठावन्न करावी का? औषध डोळ्यात पोचायला लागणारा वेळ धरला जाईल.

२ मे
सहा तारखेला तपासणी. सर्व रेकॉर्ड फाइलमध्ये लावलं. आलेख दोन रंगांत. मुखपृष्ठावर तक्त्याची छोटी प्रतिकृती. बाईंना सुचवणार आहे की तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर लावावा, प्रत्येक पेशंटला एक प्रत द्यावी. छपाईचं बघू. आरोग्य खात्यालाही पत्र तयार आहे. फक्त नवे आकडे भरायचे बाकी.

भाषण पाठ केलं. अडीच मिनिटं. आईसमोर म्हणून दाखवलं. ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं ते सांगता येत नाही.

५ मे
फाइलला प्लास्टिकचं कव्हर. उद्याची साडी इस्त्री केली. बाबांनी हजामत करून घेतली, काकांच्या खुर्चीवर. म्हणाले, आरशात डावा कल्ला नीट दिसेना.

दिव्याचा प्रश्न आहे. दिवा बदलायला हवा.

६ मे
लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

उजव्या डोळ्याचं प्रेशर तेरा. डाव्याचं सत्तावीस. नजरेचा नकाशा परत काढला. डाव्याच्या आणखी कडा गेल्या आहेत.

मी फाइल उघडली. म्हटलं, वेळा बघा, मॅडम. पंचाऐंशी दिवस, दोनशे पंचावन्न वेळा, चुकलेल्या फक्त चार. औषधच कमी पडतंय. बाईंनी फाइल बघितली नाही. त्या बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या. अगदी जवळ गेल्या, टॉर्च लावला. मग विचारलं, हिरव्या टोपणाचं औषध कोणत्या डोळ्यात घालता? मी म्हटलं, डाव्या, रोज आठ दहाला. बाई म्हणाल्या, तुम्हाला नाही, त्यांना विचारतेय.

बाबांनी बोट उचललं आणि उजव्या डोळ्यावर ठेवलं.



बाई म्हणाल्या, पापण्या तिकडच्याच वाढल्यात, मला आल्या आल्या दिसलं. बाबा म्हणाले, पोरीने चित्र काढून दिलंय ना, दुकानात आरशाजवळ लावलंय. त्यात हिरवा डोळा या बाजूला आहे. आणि त्यांनी हवेत चेहरा काढून दाखवला. उजव्या हाताला, उजवा डोळा. आरशात दिसतो तसा.

मी म्हटलं, पण चित्र शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. समोरच्या माणसाचा डावा डोळा आपल्या उजवीकडे... इथे माझं वाक्य संपलं.

बाईंनी मला विचारलं, तीन महिन्यांत तुम्ही एकदा तरी थेंब जाताना पाहिलात का?

अडीच मिनिटांचं भाषण पाठ होतं. याचं उत्तर त्यात नव्हतं.

बाबाच बोलले. म्हणाले, मला आधी वाटलं होतं तुम्ही डावा म्हणालात म्हणून. पण ही म्हणाली चित्र बघा. म्हटलं, शिकलेली आहे, फोनवर तुमच्याशी बोलून बदललं असेल काही. आपण कशाला मधे बोला?

गेलं ते परत येत नाही, हे बाईंनी पुन्हा सांगितलं. आता हिरवं औषध डाव्यात. सहा आठवड्यांनी बघू. प्रेशर उतरलं नाही तर ऑपरेशन. ऑपरेशननंतर वस्तरा धरता येईल का, असं या वेळी बाबांनी विचारलं नाही. मी वाट पाहत होते की विचारतील.

परत येताना बसमध्ये बाबांना खिडकीजवळ बसवलं. ते म्हणाले, डावीकडे बस तू माझ्या, तिकडून कोणी आलं तर कळत नाही मला. मग मांडीवरची फाइल थोपटून म्हणाले, कव्हर मात्र चांगलं आहे हो.

७ मे
संध्याकाळी पावणेआठला आईने चपला घातल्या आणि दुकानात गेली. साडेआठला परत आली. हात धुतले. म्हणाली, घातले. कोणत्या डोळ्यात, ते मी विचारलं नाही. विचारायचा अधिकार सध्या माझ्याकडे नाही.

आरोग्य खात्याला लिहिलेलं पत्र फाडलं. दुकानमालकाचं उत्तर आलं आहे : चौकट जशीच्या तशी आहे.

९ मे
रविवार. तक्ता काढायला दुकानात गेले. काका गिऱ्हाइकाला पावडर लावत होते. मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. मिळालंही. म्हणाले, पोरी, आम्ही तीस वर्षं माणसाला आरशात बघतो. आरशात उजवा डोळा उजवीकडेच असतो. तुझं चित्र आरशाशेजारी, आरशाएवढंच. ते आरसा नाही हे दादाला कोण सांगणार? गिऱ्हाईक म्हणालं, खरं आहे. त्याला काय कळलं होतं कोण जाणे.

मी चिकटपट्टी उकलायला लागले. बाबा म्हणाले, फाडू नको. म्हटलं, कशाला ठेवायचा? ते म्हणाले, एवढी मेहनत केलीस. आणि रंगही चांगला धरलाय. मग तक्ता हातात घेतला, मागे वळले आणि बाकाच्या वरती, मागच्या भिंतीवर, आरशाच्या बरोबर समोर धरला. मला म्हणाले, आता त्याच्याकडे नको, आरशात बघ.

आरशात बघितलं. हिरवा डोळा डाव्या हाताला आला होता.

काकांनी खात्री करायला डावा हात वर केला. आरशातल्या काकांनी त्याच बाजूचा केला. बाकावरच्या दोघांनीही केला. सगळे हात वर करून बसले होते आणि हसत होते. बाबांनीच चार खिळे ठोकले. डावीकडचे दोन ठोकताना काकांनी त्यांच्या हाताला धरून जागा दाखवली.

सगळ्यांना सुचलं, मला नाही. तरी एक नोंद करते : तक्ता टिकाऊ आहे, हे सिद्ध झालं.

संकल्प : उद्यापासून संध्याकाळचे थेंब मी घालणार. स्वतः. हा खरा.

१० मे
डेपोत मीटिंग. आईने घातले.

१२ मे
वेळेवर पोचले! बाबांना खुर्चीत मागे टेकवलं. पहिला थेंब गालावर. दुसरा नाकावर. तिसरा मिशीत. काका म्हणाले, डोळा वर आहे त्याच्या. शेजारी उभ्या असलेल्या आईने माझ्या हातातून बाटली घेतली, खालची पापणी एका बोटाने ओढली, एक थेंब, आत. मग नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं आणि मनातल्या मनात साठ मोजले. ओठ हलत होते. तिने कुठेही टिक केली नाही.

विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, तू पाच वर्षांची असताना डोळे आले होते तुझे. तू लाथा मारायचीस. हा निदान लाथा तरी मारत नाही.

२ जून
महिनाभरात मी नऊ वेळा पोचले. त्यातल्या सहा वेळा आठनंतर. कारणांची यादी केली होती, पण ती वाचून पाहिली आणि ते पान फाडलं.

हेडमास्तर परत बाबांच्या खुर्चीवर बसले म्हणे. स्वतःच उजवा कान पुढे करून म्हणाले, आज इकडून सुरू कर, डावा अजून रागावलाय.

१९ जून
सकाळी तपासणी. डाव्याचं प्रेशर सोळा. ऑपरेशन सध्या तरी नको. गेलेल्या कडा गेल्याच. बाई म्हणाल्या, उरलेल्यात वस्तरा चालेल, पण डावीकडून हळू. बाबांनी मान डोलावली. विचारलं नव्हतं, तरी उत्तर मिळालं. बाईंनी विचारलं, थेंब कोण घालतं? बाबा म्हणाले, घरचीच माणसं. माझ्याकडे बघून म्हणाले. तेवढं त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलून घेतलं.

म्हणून आज ठरवलं, आजचे थेंब मीच. आईला सांगितलं, तू येऊ नको. ती म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की. डेपोतून सात पाचची बस. वीस मिनिटांचा रस्ता. ही वेळ मीच लावलीय, मार्च महिन्यात, तीन दिवस अभ्यास करून.

सात पाचची बस आठ पाचला आली.

दुकानात पोचले तेव्हा आठ पंचवीस. अलार्म कधीच बंद झाला होता. आई बाकावर बसून पेपर चाळत होती. बाबा गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होते. डावीकडून, हळू. हिरव्या टोपणाची बाटली फळीवर, पुसून ठेवलेली. मला बघून आई म्हणाली, ये. तुझी बस आली का? बाबा म्हणाले, ओरडू नको तिला, गाडीचा काय भरवसा. काका म्हणाले, वेळापत्रक कुणी केलंय त्या गाडीचं?

कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

काकांची खुर्ची रिकामी होती. म्हणाले, टेक जरा, धावत आलीस. टेकले. समोर मोठा आरसा. त्यात मागची भिंत, आणि बाकावर बसलेल्या आईच्या डोक्यावर माझा तक्ता. शीर्षक उलटं. घड्याळं उलटी. खाली माझं नाव, बी. ए., भूगोल, प्रथम श्रेणी, एकूण एक अक्षर उलटं.

डोळा तेवढा बरोबर.